कोठारे एक करा, पण गाडीसह

सरकारी औषधखरेदीचा घोळ महाराष्ट्राला नवा नाही. 2017 मध्ये ही खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, 2023 मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. पाट्या बदलल्या, आरोग्य खाते, वैद्यकीय महाविद्यालये, महापालिका यांची कोठारे मात्र वेगवेगळीच. एकीकडे साठ्याची मुदत संपते, दुसरीकडे रुग्णाच्या हाती ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी.

तमिळनाडूने 1994 मध्ये महामंडळ स्थापून जिल्हा गोदामांतून पुरवठा सुरू केला. प्रत्येक रुग्णालयाला चक्क बँकेसारखे पासबुक; ठरलेल्या रकमेपर्यंत हवे ते औषध उचलायचे. आपल्याकडेही कोठारे एक झाली आणि भाडे, पहारा, नोंदवह्या एकत्र आल्या की खर्च घटतोच. पण मेळघाटातल्या आरोग्य केंद्रापर्यंत पावसाळ्यात गाडी पोहोचली नाही, तर ही बचत रुग्णाच्या खिशातून झाली. सरकारने आधी वाहतुकीची तरतूद करावी, मग वेगवेगळ्या गोदामांना कुलपे लावावीत.