हैद्राबादची वाट कोणी आखली?

पोटाच्या वरच्या भागात कळ उठते, ती पाठीपर्यंत भिडते, उलट्या थांबत नाहीत. देगलूर किंवा मुखेडकडचा शेतमजूर प्रथम पित्त समजून गोळी घेतो, मग ग्रामीण रुग्णालय गाठतो, तेथून नांदेडला येतो. 'स्वादुपिंडाला सूज आहे, मोठ्या ठिकाणी न्या' हे वाक्य कानी पडले की नातेवाइकांच्या तोंडी एकच प्रश्न उरतो : अनुभवी डॉक्टर कुठे आहे? नांदेडकरांना उत्तर मिळते ते बहुधा पावणेतीनशे किलोमीटरवरच्या हैद्राबादचे, लातूरकरांना सोलापूर किंवा पुण्याचे. १९४८ साली मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला; परंतु दुखणे विकोपाला गेले की त्याला आजही त्याच राजधानीची वाट धरावी लागते. या वाटेला दैव म्हणणे ही आत्मवंचना आहे. ती शासनाच्या धोरणाने आखलेली वाट आहे.

या आजाराचे स्वरूप पाहिले म्हणजे हे स्पष्ट होते. पित्ताशयातील खडे आणि मद्य ही त्याची दोन प्रमुख कारणे. बहुसंख्य रुग्ण शिरेतून वेळेवर दिलेले द्रव, वेदनाशमन आणि काळजीपूर्वक देखरेख एवढ्यावर बरे होतात. मात्र साधारणपणे पाचांतील एकाचा आजार गंभीर वळण घेतो. मूत्रपिंडे, फुप्फुसे निकामी होऊ लागतात, ग्रंथीचा काही भाग मृत होऊन त्यात पू धरतो. पूर्वी अशा वेळी तातडीने पोट उघडीत. नेदरलंड्समधील डॉक्टरांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीने दाखवून दिले की प्रथम नळीवाटे पू काढावा, धीर धरावा आणि गरज उरली तरच पुढची शस्त्रक्रिया करावी, हे अधिक हिताचे. कधी थांबायचे आणि कधी हात घालायचा, हा निर्णय पुस्तकातून येत नाही. अतिदक्षता, क्ष-किरण, दुर्बीण आणि शस्त्रक्रिया या चारही शाखांची माणसे एका छताखाली वर्षानुवर्षे असे रुग्ण पाहतात, तेव्हाच तो जमतो.

म्हणजेच अनुभव हा एखाद्या डॉक्टरचा खाजगी गुण नव्हे. ती समाजाने उभारावयाची सार्वजनिक संपत्ती आहे. केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच बजावले होते की वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेची पारख रुग्णाला करता येत नाही, म्हणून इतर मालाच्या बाजाराचे नियम तिला लागू पडत नाहीत. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाने कोणत्या फलकामागे अनुभव आहे आणि कोणत्या फलकामागे केवळ भांडवल, हे कसे ओळखावे? नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये किंवा लातुरात निष्णात डॉक्टर नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांच्यापर्यंत पोचायचे कोणी, आणि अतिदक्षता विभागातील तीन-तीन आठवड्यांचे बिल भरायचे कोणी?

विरोधाभास असा की डॉक्टर घडविण्याचा कच्चा माल हाच प्रदेश पुरवतो. 'लातूर पॅटर्न'चा देशभर डंका वाजतो. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांतून मुले वैद्यकीय महाविद्यालयांत जातात. शिकवणीची फी भरायला बाप जमीन विकतो आणि उपचाराला हैद्राबाद गाठायलाही तोच जमीन विकतो. शासकीय महाविद्यालये नाहीत असेही नाही. अंबाजोगाईचे १९७० च्या दशकातले, नांदेडचे १९८८ चे, लातूरचे २००२ चे. केंद्राच्या योजनेतून लातूरला अतिविशेषोपचार रुग्णालयाची इमारतही उभी राहिली. इमारतीला ठेकेदार मिळतो, उद्घाटनाला मंत्री मिळतो. अडते ते पदे भरण्यापाशी. अध्यापकांना एकशेवीस दिवसांच्या तात्पुरत्या नेमणुकांवर झुलवत ठेवणारी व्यवस्था अनुभव साठवणार तरी कशी?

आरोग्य योजनेचा दाखला येथे हमखास दिला जाईल. २०१२ साली सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा फुले यांचे नाव दिलेल्या योजनेच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. तिने अनेक कुटुंबे सावकाराच्या दारातून वाचवली, हे मान्य केलेच पाहिजे. पण योजना बिल भरते, डॉक्टर घडवीत नाही. जेथे सेवाच नाही तेथे विम्याचे कार्ड घेऊन उभे राहणे म्हणजे कोरड्या आडावर दोर घेऊन उभे राहणे.

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. अनेकांना अत्यवस्थ स्थितीत आणले गेले होते, असा खुलासा झाला. एका खासदाराने अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करवून घेतले. परंतु रुग्ण अखेरच्या घटकेला का येतात, आणि आल्यावर पुरेसे हात का नसतात, हे प्रश्न झाडूने झटकता येत नाहीत.

'आधी प्राथमिक आरोग्य, मग अतिविशेषोपचार' असे काही मित्र म्हणतात. हा क्रम नव्हे, हा तोडलेला जिना आहे. भोर समितीने १९४६ साली आखलेली रचना पायऱ्यापायऱ्यांची होती. खालच्या पायरीवर रोग ओळखून द्रव सुरू झाले नाहीत तर वरची पायरी निरुपयोगी, आणि वरची नसेल तर खालच्या डॉक्टरला 'मोठ्या ठिकाणी न्या' यापलीकडे सांगण्यासारखे काही उरत नाही. पित्ताशयातले खडे तसेच ठेवून रुग्णाला घरी धाडले की दुसरा झटका येतो. तेव्हा वेळेवर झालेली साधी शस्त्रक्रियाही प्रतिबंधच असते.

मागणी अवास्तव नाही. नांदेड आणि लातूर या दोन महाविद्यालयांनी मिळून एक पूर्णवेळ केंद्र चालवावे. तेथील पदे कायम स्वरूपाची असावीत. किनवटपासून निलंग्यापर्यंतच्या रुग्णालयातील डॉक्टरला मध्यरात्रीही त्या केंद्राचा सल्ला मिळावा. आणि किती रुग्ण आले, किती वाचले, याचा हिशेब दरवर्षी जनतेपुढे मांडला जावा. पैसा कोठून आणायचा? दारूच्या प्रत्येक बाटलीवर शासन अबकारी कर घेते. स्वादुपिंड जाळणाऱ्या द्रव्यातून तिजोरी भरायची आणि जळालेल्या माणसाला परमुलखाची वाट दाखवायची, हा व्यवहार कोणत्या नीतिशास्त्रात बसतो? २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने राज्यांनी अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चावी असे म्हटले होते, आणि त्यासाठी मुदत घातली होती ती २०२० ची. ती उलटून गेली. मराठवाड्याने आता दयेचा अर्ज करू नये. थकलेल्या हक्काची वसुली मागावी.