बर्फ हटविणारी माणसे

शिरूर-दौंड भागातल्या विद्यार्थ्याने बर्फावर लेख लिहावा याचे कोणास हसू आले तर मला राग येणार नाही. भीमेच्या अल्याड शिरूर, पल्याड दौंड. दोन्ही काठांवर पावसाची वाट पाहण्यातच वर्ष सरते. बर्फ पाहिला तो रसवंतीवरचा, नाहीतर गारपिटीत कांद्यावर पडलेला. तरीही हा विषय मी घेतला आहे, कारण हिमालयात बर्फ हटविण्याचे काम यंत्रे करतात असे आपण सहज म्हणून जातो, आणि त्या यंत्रांवर बसलेला माणूस आपल्या बोलण्यातून गळून पडतो.

काश्मीरातून लडाखला जाताना जोजीला ही खिंड लागते. उंची साडेअकरा हजार फुटांहून अधिक. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांच्या सैन्याने याच खिंडीतून रणगाडे नेले, हे आपण वाचतो. रणगाड्यांना वाट करून देणारे मद्रास सॅपर्सचे जवान होते, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. पुढे १९६० मध्ये सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि या वाटा उघड्या ठेवण्याचे काम तिच्याकडे आले. पूर्वी ही खिंड हिवाळ्यात कित्येक महिने बंद असे. २०२३ मध्ये ती ६८ दिवसांनी उघडली, २०२४ मध्ये ३५ दिवसांनी, २०२५ मध्ये ३२ दिवसांनी. पावसाप्रमाणे बर्फही दर साली सारखा पडत नाही, त्यामुळे सगळे श्रेय माणसाला देता येणार नाही. पण महिन्याभरात वाट मोकळी होणे म्हणजे पलीकडच्या माणसाला औषध, भाजी आणि रॉकेल महिन्याभरात मिळणे.

हे काम होते कसे? आधी डोझर पुढे जातो व आपल्या पात्याने बर्फ रेटून दरीकडे ढकलतो. पण बर्फाच्या भिंती दोन्ही बाजूंना उंच झाल्या की ढकलायला जागाच उरत नाही. तेथे स्नो ब्लोअर लागतो. त्याच्या तोंडाशी आडवा मळसूत्री स्क्रू फिरतो, तो बर्फ कापून आत ओढतो, आतला पंखा त्याला वेग देतो आणि वरच्या नळकांड्यातून बर्फाचा फवारा लांब जाऊन पडतो. आपल्याकडे ज्वारीच्या खळ्यावर मळणी यंत्र भुसकट फेकते, तसाच हा प्रकार. हे साम्य मी ओढूनताणून आणलेले नाही. कॅनडातील आर्थर सिकार्ड या शेतकरी कुटुंबातल्या माणसाने १९२५ मध्ये मोटारीवरचा स्नो ब्लोअर तयार केला, तो मळणी यंत्र पाहूनच त्याला सुचला असे सांगतात. त्याआधी रेल्वेमार्गावरचा बर्फ फेकणाऱ्या फिरत्या चाकाची कल्पना १८६९ मध्ये टोरांटोच्या एका दंतवैद्याने मांडली होती. दातांच्या डॉक्टरने रेल्वेचा विचार करावा, याचे दौंडसारख्या जंक्शनच्या गावाला तरी कौतुक वाटायला हवे!

आता थोडा हिशेब करू. सात मीटर रुंद रस्त्यावर तीन मीटर बर्फ साचला, तर एका किलोमीटरला २१ हजार घनमीटर भरतो. दबून घट्ट झालेला बर्फ घनमीटरला सुमारे ४०० किलो धरला तर हे ओझे ८,४०० टन होते. दहा टनी ट्रक भरावयाचे तर ८४० ट्रक, आणि तेही एका किलोमीटरचे. शिवाय हिमस्खलनाचा ढिगारा निव्वळ बर्फाचा नसतो. त्यात दगड आणि झाडांची खोडे असतात, ती ब्लोअरच्या तोंडात गेली की यंत्र मोडते. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, थंडीत डिझेल गोठून दाट होते. उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल लडाखसाठी मिळू लागले ते २०१९ मध्ये.

माझा थोरला चुलतभाऊ काही वर्षे तेथे डोझरवर होता. दादा सांगतो, बर्फाखाली रस्ता दिसत नाही, रस्त्याची कडाही दिसत नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि समोर सगळे पांढरे. पात्याला काय लागले हे कानांनी आणि बुडाखालच्या हादऱ्यांवरून ओळखायचे. वरून पुन्हा बर्फ सुटेल का, याकडेही लक्ष ठेवायचे. ही विद्या कोणत्या पुस्तकात आहे मला माहीत नाही, पण ती विद्या आहे याबद्दल मला शंका नाही. दादा सुटीवर आला की गावात लोक विचारीत, "मिलिटरीत आहेस ना?" तो म्हणे, "नाही, रस्त्याच्या कामावर." मग विषय बदले.

विचार करण्यासारखी गोष्ट अशी की या संघटनेच्या ग्रेफ दलाला शिस्तीच्या बाबतीत सशस्त्र दलाचाच भाग मानावे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये दिला आहे. म्हणजे बंधने सैनिकाची, आणि गावच्या पारावर मान मजुराचा! जे रोजंदारीवर जातात, झारखंडच्या दुमका भागातले हजारो मजूर, त्यांची तर गणतीच नाही. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळ माणा येथे सीमा सडक संघटनेच्या कामावरील ५४ मजूर हिमस्खलनात सापडले. ४६ वाचले, ८ गेले. त्या आठांपैकी एकाचेही नाव आपल्यापैकी कोणाला सांगता येणार नाही, मलाही नाही.

कोणी म्हणेल, बोगदे होत आहेत, आता हे काम संपणार. रोहतांगखालचा ९ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० मध्ये खुला झाला, जोजीलाखालचाही खोदला जात आहे. पण बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता उघडाच असतो, आणि बर्फ काही बोगदा पाहून पडत नाही.

हे सारे या अंकात लिहिण्याचे कारण आपल्या वर्गातच आहे. प्रथम वर्षाला माझ्याबरोबर बाकावर बसणाऱ्यांपैकी दोघे आज पोकलेनवर आहेत. घरची अडचण, दुसरे काय! प्राध्यापकांनी हजेरीत त्यांच्या नावापुढे रेघ ओढली आणि आम्ही म्हणालो, "वाया गेला." भीमेच्या पात्रात रात्री वाळू उपसायला जी यंत्रे उतरतात त्यांवरही अशीच पोरे असतात. धाड पडली की सापडते ते पोर. मालक घरी झोपलेला असतो. हात तोच, कसब तेच. एका ठिकाणी ते नदी पोखरते, दुसऱ्या ठिकाणी बंद पडलेली वाट उघडते. कोठे जायचे हे त्या पोराला कोणी सांगितलेलेच नसते.

आणि सांगण्यासारखे तर पुष्कळ आहे. ग्रेफचे केंद्र पुण्याजवळ दिघीला आहे, नगर रस्त्याने एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतके जवळ. यंत्रचालकांची, मेकॅनिकची भरती तेथूनच होते. पोलीस भरतीची, बँकेची पत्रके आमच्या सूचनाफलकावर लागतात, ती लागावीतच. दिघीचे पत्रक मात्र दोन वर्षांत मी पाहिले नाही. ते यंदा लावावे, आणि त्याची एक प्रत त्या दोघांच्या घरी पाठवावी, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. पत्ते मी देईन.