पीत होता का?

संध्याकाळच्या आमच्या कट्ट्यावर मागे एक बातमी आली. ओळखीतल्या एका मुलाला (मुलगा म्हणजे पस्तिशीचा, पण आमच्या वयाला मुलगाच) पॅनक्रियाटायटिस झाला, आयसीयूत आहे. सांगणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिघांनी विचारलं, "पीत होता का?"

माझं या प्रश्नाशी जुनं भांडण आहे.

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे आडवा पडलेला, वीतभरही लांब नसलेला अवयव. अन्न पचवणारे रस तो करतो आणि इन्सुलिनही करतो. त्याला सूज आली की तेच रस आतल्या आत त्याला जाळू लागतात. दारू हे त्याचं एक मोठं कारण, यात वाद नाही. पण पित्ताशयातल्या खड्यांनीही हा आजार होतो, रक्तातली चरबी फार वाढली तरी होतो, काहींच्या तो जनुकांतच असतो. केरळात डॉ. गीवर्गीस यांनी १९६० च्या दशकात असे कितीतरी तरुण रुग्ण तपासले, ज्यांच्या स्वादुपिंडात खडे झाले होते, मधुमेह जडला होता आणि दारूचा काही संबंध नव्हता.

माझ्या बहिणीचा मुलगा याच जातीचा रुग्ण. (त्याला विचारूनच लिहिते आहे.) आयुष्यात दारूला शिवलेला नाही. तरी दुखणं सुरू झाल्यावर पहिली दोन वर्षं जो भेटेल त्याला तो आधी हे सांगायचा आणि मग आजाराचं. पुढेपुढे भेटणंच सोडलं त्याने. लग्नकार्य नको, बारसं नको, ऑफिसातलं जेवण नको.

आणि समजा, पीत होता. मग? डॉक्टरांनी विचारलंच पाहिजे, त्यावर उपचार ठरतात. बघायला आलेल्यांनी विचारून काय साधतं? तो माणूस शरमेने डॉक्टरांशीही खोटं बोलायला लागतो, एवढंच. कितीजण आधीच उदास असतात म्हणून पीत असतात. त्यांना दारू सोडायला मदत लागते, उलटतपासणी नव्हे.

हा आजार मनावर किती बाजूंनी येतो ते मी जवळून पाहिलंय. दुखणं पोटाच्या वरच्या भागात, पाठीपर्यंत जाणारं. रात्र रात्र झोप नाही. भाचा एकदा म्हणाला, "मावशी, दुखतं तेव्हा निदान इंजेक्शन तरी घेता येतं. दुखत नाही तेव्हा आता कधी दुखेल याची वाट बघत बसतो." मला वाटतं, ही वाट बघणंच माणसाला जास्त पोखरतं.

मग खाणं. आपल्याकडे माया ताटातून वाढली जाते. 'अजून एक घे, माझ्या हातची आहे' याला नाही म्हणणं किती कठीण! आणि खाल्लं तर पचत नाही, तेलकट, घाण वासाचे जुलाब होतात. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर त्याची लाज वाटते म्हणून माणूस घरीच बसतो. पाचक रसाच्या कॅप्सूल जेवताना घ्याव्या लागतात, त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून केलेल्या असतात. आमची बहीण पक्की शाकाहारी, माळकरी घरातली. तिला हे कळलं तेव्हा चार दिवस घरात कोणी धड बोललं नाही. शेवटी तिनेच डबी आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. त्या चार दिवसांत तो काय विचार करत होता हे त्याने मला खूप नंतर सांगितलं. इथे लिहीत नाही.

त्यात मधुमेह. या प्रकारात साखर वर जाते तशी एकदम खालीही येते. घाम, थरथर, चिडचिड. घरचे म्हणतात, स्वभाव बिघडला. अहो, साखर तरी तपासा आधी! आयसीयूतून आलेल्यांचं आणखी वेगळं. तिथे भास होतात, घरी आल्यावरही महिनोन् महिने वाईट स्वप्नं पडतात.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात तर काहींना पोटाच्या तक्रारींच्या आधीच उदासी आणि बेचैनी येते, हे अमेरिकेतल्या डॉक्टर यास्किन यांनी १९३१ साली लिहून ठेवलंय. (वाचकहो, उदास वाटलं म्हणून सोनोग्राफीला धावू नका. उदासीची साधी कारणं हजार असतात.)

एवढं सगळं माहीत असताना भाच्याला एका मोठ्या रुग्णालयातून घरी सोडलं तेव्हाच्या कागदावर काय होतं? पथ्य, गोळ्या, पुढची तारीख. झोप लागते का, जगावंसं वाटतं का, हे कुणी विचारलं नव्हतं. माझं म्हणणं असं की हे दोन प्रश्न त्याच कागदावर छापलेले असावेत, आणि पोटाच्या डॉक्टरांनीच मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी द्यावी. 'तुमचं दुखणं मनाचं आहे' असं त्याला वाटू न देता द्यावी. दुखणं खरंच असतं. पण उदासीने ते जास्त जाणवतं, आणि दुखण्याने उदासी वाढते. मनाच्या आजारावरची काही औषधं डॉक्टर जुनाट दुखण्यासाठीही देतात. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायला सांगितलं आहे. रात्रीअपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीतही बोलतात.

भाचा आता वर्षभर मानसोपचार घेतो आहे. दुखणं गेलेलं नाही, पण नोकरीवर जातो, झोपतो. गौरी-गणपतीला येणार आहे. नातेवाईकांपैकी जे वाचत असतील त्यांना आत्ताच सांगून ठेवते. न विचारता त्याच्या ताटात काही वाढू नका. त्याने डबी काढली तर ती कसली म्हणून चौकशी नको. वजन किती उतरलं हेही नको. क्रिकेटवर बोला, त्यात तो तुम्हाला ऐकणार नाही!

असो. मोदकांची ऑर्डर यंदा शेजारच्या काकूंकडे दिली आहे.