ॲप कोणाचं आणि तहान कोणाची?

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांचं प्रदर्शन भरलं. आरोग्यासाठी डिजिटल कल्पना सुचवा, असा विषय होता. मलकापुरातल्या आमच्या अभ्यासिकेत येणारी काही मुलं त्यात होती, म्हणून आम्ही चार कार्यकर्ते बघायला गेलो.

चौथी-पाचवीच्या मुलांनी चार्ट पेपरवर मोबाईल काढले होते. एकाच्या मोबाईलमधून बीपीच्या गोळीची आठवण करून देणारा आवाज येणार होता, कारण त्याच्या आजीला वाचता येत नाही. एकाच्या मोबाईलमध्ये लसीचं कार्ड होतं. ते ऊसतोडीच्या टोळीबरोबर गावोगाव जाईल आणि कोपीत हरवणार नाही. पहिला नंबर मिळाला तो दर तासाला ‘पाणी प्या’ असं सांगणाऱ्या ॲपला.

पाचवीतल्या एका मुलीचा कागद मात्र भिंतीवर नव्हता, दप्तरात होता. तिनं एक बटण काढलं होतं. मुलींच्या बाथरूममध्ये पाणी नसलं, कडी तुटली, की ते दाबायचं. निरोप मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीला एकाच वेळी जाणार. तिला सांगण्यात आलं, “हे नको, शाळेची बदनामी होईल. दुसरं काहीतरी छान काढ.” आमच्यातल्या एकीनं तिला पहिल्या नंबराच्या ॲपबद्दल विचारलं. ती म्हणाली, “ताई, आम्ही शाळेत पाणीच पीत नाय. पिलं की जायला लागतंय.”

तहान दाबणाऱ्या मुलींच्या शाळेत ‘पाणी प्या’ सांगणारं ॲप पहिलं येतं. दिवसभर लघवी रोखून धरली, पाणी टाळलं, तर जळजळ होते, संसर्ग होतो. त्या मुलीनं रोग ओळखला होता, कारणही ओळखलं होतं. मोठ्यांनी तिचा कागद दप्तरात ठेवायला लावला. ही केवळ एका शाळेची गोष्ट असती, तर आम्ही लेख लिहायला बसलो नसतो.

आमच्या कराड तालुक्यातच मसूर आहे. १९०१ साली नऊ वर्षांचे भीमराव भावाभाच्यांबरोबर साताऱ्याहून आगगाडीनं मसूर स्टेशनवर उतरले. वडील तेव्हा नोकरीनिमित्त गोरेगावला होते. मुलं येणार असल्याचं पत्र पोचलं होतं, पण नोकरानं ते वडिलांना दिलंच नाही. घ्यायला कुणी आलं नाही. जात कळल्यावर गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर. जवळ डबा होता, पण प्यायला पाणी मिळालं नाही, म्हणून रात्र उपाशी काढावी लागली. बाबासाहेबांनीच ही आठवण पुढे लिहून ठेवली.

या एका प्रवासात दोन वेगळ्या अडचणी आहेत. पत्र पोचलं नाही, ही निरोपाची अडचण. आज एका मेसेजनं ती सुटली असती. पाणी मिळालं नाही, ही जातीची, सत्तेची अडचण. त्या रात्री प्रत्येक मुलाच्या हातात मोबाईल असता, तरी पाणी मिळालं नसतं. डिजिटल कल्पना तपासताना आपण हाच प्रश्न विचारला पाहिजे : ही अडचण निरोपाची आहे की पाण्याची?

आजीच्या गोळीची आठवण ही निरोपाची अडचण आहे. तिथं ॲप उपयोगी पडेल आणि आपण ते करावं. पण मुलांना पौष्टिक आहाराचा तक्ता दाखवणारं ॲप घ्या. ते सांगेल, अंडं खा. महाराष्ट्र शासनानं शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं २०२३ मध्ये ठरवलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या खर्चातून हात काढून घेतला. ज्या पोराच्या घरात अंडं परवडत नाही, त्याला अंड्याची माहिती देऊन काय मिळणार?

आणि पाणी पुरवणं आपल्या भागाला जमत नाही, असंही नाही. चोवीस तास नळाच्या पाण्यासाठी मलकापूरचं नाव देशभर झालं. इथंच मोठं रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे. इच्छा असली की पाइप पोचतो. शाळेच्या बाथरूमपर्यंत तो का पोचत नाही, हा तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही.

आपल्यातले काही मित्र म्हणतील, मग हे डिजिटल खूळ हवंच कशाला? आम्हाला हे मान्य नाही. मोबाईल प्रस्थापितांच्या मुलांनी चालवायचा आणि आपल्या मुलांनी फक्त रील बघायचे, ही नवी वर्णव्यवस्था होईल. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे किमान बारा वर्षांपर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागितलं आणि खेड्यातल्या मुलांच्या अभ्यासात शेतीबरोबर आरोग्याचे धडेही मागितले. त्याआधी, १८५५ मध्ये, त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसतं, थंडीवाऱ्यात तिचे काय हाल होतात, हे तिनं त्यात विचारलं. त्या काळचं नवं साधन होतं छापखाना, आणि आपल्या मुलीनं ते वापरलं. तिला कुणी म्हटलं नाही की बदनामी होईल, दुसरं छान लिही.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ मध्ये त्या गावानं ठरवलं : संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही, मोबाईल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. साधन अगदी साधं आहे. ठराव गावाचा होता, म्हणून भोंग्याला किंमत आली. त्या मुलीच्या बटणालाही असाच ठराव हवा. बटण दाबल्यावर कुणी, किती दिवसांत उत्तर द्यायचं, हे ठरलं नाही तर ते बटण खेळणंच राहील.

१२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेब मुंबई विधिमंडळात प्राथमिक शिक्षणावर बोलले. शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात, हा आकडा त्यांनी सरकारपुढे ठेवला. आठच दिवसांनी, २० मार्चला, ते महाडला चवदार तळ्यावर होते. शाळा आणि पाणी हे त्यांच्यासाठी दोन वेगळे लढे नव्हते.

म्हणून आपल्या अभ्यासिकांमध्ये, विहारांमध्ये मुलांना ‘काय बनवशील?’ याआधी ‘काय दुखतं?’ हे विचारा. मुलाच्या कागदाचा अर्ज करा आणि शाळा व्यवस्थापन समितीत न्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, निम्म्या जागा स्त्रियांना. मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि पिण्याचं सुरक्षित पाणी त्याच कायद्यात लिहिलं आहे. आपली माणसं त्या समितीत आहेत का, आणि बैठकीला जातात का, हे आधी बघा. आणि मुलांची नावं, फोटो, दुखणी कुठल्याही ॲपवर चढवण्याआधी आई-वडिलांची संमती घ्या. आपली मुलं कुणाच्या जाहिरातीचा माल नाहीत.

त्या मुलीचा कागद आम्ही तिच्या आईच्या परवानगीनं घेतला. खाली तिच्या आईनं आणि आणखी अकरा आयांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे उमटवले. अर्ज समितीकडे गेला आहे, पोच आमच्याकडे आहे. कडी बसली आहे, पाणी अजून यायचं आहे. ते येईपर्यंत आम्ही दर बैठकीला दारात उभे राहू.

जय भीम! जय संविधान!