हुशारी रक्तातूनच येते का?

निकालाच्या दिवशी घरोघरी एक संवाद हमखास ऐकू येतो. मुलाचा पहिला नंबर आला, तर ‘आमच्या घराण्याचीच बुद्धी!’ आणि गणितात गुण कमी पडले, तर ‘अगदी मामावर गेलाय!’ घरातला हा थट्टेचा वाद शास्त्रज्ञांनी मात्र प्रयोगशाळेत नेला.

लंडनचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्लोमिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील शाळकरी मुलांचे दोन गट निवडले. प्रत्येकात साधारण ५० मुले. एका गटाचा सरासरी बुद्ध्यांक १३६, तर दुसऱ्याचा १०३. दोन्ही गटांचा डीएनए तपासला, तेव्हा सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकाचे विशिष्ट रूप हुशार गटात जवळजवळ दुप्पट प्रमाणात आढळले. १९९८ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि ‘बुद्धीचे जनुक सापडले’ असा गाजावाजा सुरू झाला.

वास्तविक त्या जनुकाचा परिणाम बुद्ध्यांकात जेमतेम ४ गुणांचा, असा खुद्द संशोधकांचाच अंदाज होता. कितीतरी हुशार मुलांत ते रूप नव्हते आणि सामान्य गटातील काही मुलांत ते होते! पुढे याच संशोधकांनी अधिक मुलांची तपासणी केली, तेव्हा दोन गटांतला फरकच नाहीसा झाला. २००२ मध्ये त्यांनी ते प्रांजळपणे जाहीरही केले.

मग आनुवंशिकतेचा बुद्धीशी संबंधच नाही का? आहे. एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्यांची बुद्धी इतर जुळ्यांपेक्षा अधिक मिळतीजुळती असते. पण हे काम एका जनुकाचे नव्हे. २०१८ मध्ये सुमारे २ लाख ७० हजार लोकांच्या अभ्यासातून बुद्धीशी संबंधित २०५ जागा आढळल्या. त्यांतील प्रत्येकीचा वाटा अगदी चिमूटभर! आमटीची चव जशी एकट्या मिठाने ठरत नाही, तसेच हे.

मिठावरून आठवले. गरोदरपणी आईला आयोडीन फारच कमी पडले, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते, मग घराणे कितीही विद्वानांचे असो. आहार, झोप, घरातल्या गप्पा, हाती पडणारी पुस्तके यांचाही वाटा असतो. म्हणूनच एखाद्या चाचणीवरून मुलाच्या बुद्धीचे भविष्य सांगणाऱ्या जाहिरातींना भुलू नये.

आणखी एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. आई-वडील तेच असले, तरी जनुकांची वाटणी प्रत्येक अपत्यात निराळी होते. एका घरात वाढणारी सख्खी भावंडे म्हणूनच वेगवेगळी निपजतात. तेव्हा ‘दादाला जमतं, मग तुला का नाही?’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी क्षणभर थांबा. धाकटीला काय जमते, हे आपण कधी नीट पाहिले आहे का?