मैत्री उसनी मिळत नाही

'स्टार ट्रेक' म्हटलं की बहुतेकांना टोकदार कानांचा स्पॉक आठवतो. मला मात्र तो एकटा कधीच आठवत नाही, शेजारी कॅप्टन कर्क असतोच. ही गोष्ट अंतराळयानांची कमी आणि या दोघांची जास्त, असं माझं जुनंच मत आहे.

२००९ साली जे. जे. अब्रम्सने ही कथा पहिल्यापासून नव्याने मांडली. (सिनेमा पाहिला नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फोडलंय!) यातले तरुण कर्क आणि स्पॉक एकमेकांना पाण्यात पाहतात. स्पॉकने तयार केलेल्या परीक्षेत कर्क लबाडीने पास होतो. पुढे स्पॉक त्याला यानातून हाकलून एका बर्फाळ ग्रहावर सोडतो. तिथे कर्कला कोण भेटावं? भविष्यातून आलेला म्हातारा स्पॉक, म्हणजे साक्षात लिओनार्ड निमॉय! मी तुझा मित्र आहे, असं तो सांगतो. कर्कला अर्थातच ते पटत नाही.

आता खरी गंमत. म्हाताऱ्या स्पॉकने स्वतः जाऊन तरुण स्पॉकला समजावलं असतं, तर दोन मिनिटांत भांडण मिटलं असतं. पण तो जात नाही. उलट आपण गेलो तर अनर्थ होईल, अशी कर्कची समजूत करून देतो. शेवटी तरुण स्पॉक जाब विचारतो, तेव्हा खरं कारण कळतं : तुम्हाला एकमेकांची गरज होती, आणि ही मैत्री तुमची तुम्हालाच सापडायला हवी होती.

मला वाटतं, सगळा सिनेमा या एका निर्णयात आहे. "त्याच्याशी मैत्री कर, गुणी मुलगा आहे," असं लहानपणी घरचे सांगायचे. अशी किती मैत्री टिकली? शिफारशीवर नोकरी लागत असेल, मित्र मिळत नाही. त्याला भांडणं लागतात, सोबत काढलेली वर्षं लागतात.

म्हणूनच २०१३चा 'इन्टू डार्कनेस' मला खटकतो. १९८२च्या सिनेमात काचेपलीकडे स्पॉक मरतो, तेव्हा त्या मरणामागे ७९ भागांची मालिका आणि एक सिनेमा उभा होता. २०१३मध्ये तोच प्रसंग उलटा केला, काचेपलीकडे कर्क. पण यांची ओळख जेमतेम एका सिनेमाची! डोळ्यांत पाणी आलं, तर ते जुन्या दोघांसाठी. पहिल्या सिनेमातल्या म्हाताऱ्याने जे करायचं टाळलं, नेमकं तेच दुसऱ्याने केलं : मैत्री उसनी आणली.

निमॉय २०१५मध्ये गेले. त्यांचा तो न बोलता बाजूला राहिलेला म्हातारा मात्र मनातून जात नाही. आपल्या माणसांचं भलं कशात आहे हे दिसत असताना गप्प राहणं, किती जणांना जमतं हो?

असो. तुमचं काय मत?