आपल्या शाळेत अडथळ्यांची शर्यत हवी



थंड देशांत एक खेळ आहे. पायांना लांब पट्ट्या बांधायच्या, बर्फाच्या उतारावरून सुसाट घसरत यायचे आणि हवेत उडून कोलांटी घ्यायची. त्याला फ्रीस्टाईल स्कीइंग म्हणतात. १९९२ सालापासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याला पदके आहेत. आयलीन गू नावाच्या मुलीने २०२२ साली बीजिंगला या खेळात दोन सुवर्ण व एक रौप्य अशी तीन पदके मिळविली. तेव्हा ती १८ वर्षांची होती आणि अगदी लहानपणापासून बर्फावर खेळत आलेली होती.

आता कोणी म्हणेल, वडगावात बर्फ कुठला? गोळेवाल्याच्या गाडीवर असतो तेवढाच! खरे आहे. पण ज्या मुलखात जे असते त्यावरच तिथली मुले खेळतात. आपल्या मावळात भातखाचरांचे बांध आहेत, ओढे आहेत, चिखल तर विचारूच नका. वाडीवरची मुले पावसाळ्यात बांधावरून उड्या मारीतच शाळेत येतात. अशा उड्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये असते, हे पुष्कळांना ठाऊक नाही. तिचे नाव स्टीपलचेस.

३००० मीटर धावायचे. वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. अडथळा पुरुषांना तीन फूट, स्त्रियांना अडीच फूट उंच. तो इतका भक्कम असतो की पाय अडकला तर तो पडत नाही, आपणच पडतो. त्यापुढचा पाण्याचा खड्डा बारा फूट लांब. अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ. जो लांब उडी घेईल तो कमी भिजेल. पूर्वी विलायतेत एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत कुंपणे, ओहोळ ओलांडीत शर्यत लावीत, त्यावरून हे नाव पडले. म्हणजे आपण पोटोबाच्या देवळापासून शेजारच्या गावच्या देवळापर्यंत शेताशेतातून पळालो तर तसेच की!

या खेळात महाराष्ट्राचे मोठे नाव अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्यांचे गाव. आईवडील शेतकरी. शाळा सहा किलोमीटर लांब, आणि जायला गाडी नाही. बारावीनंतर ते सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेले. सियाचीनला नेमणूक झाली, मग राजस्थानात. बर्फ त्यांनाही भरपूर मिळाला, पण खेळायला नव्हे, पहाऱ्याला! धावण्याच्या स्पर्धा सैन्यातच सुरू झाल्या. २०१८ साली त्यांनी गोपाल सैनी यांचा ३७ वर्षांचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांना रौप्यपदक मिळाले. त्याआधीच्या सहा स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियानेच नेली होती. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या शंभरातल्या पाच भागांनी. डोळ्याची पापणी मिटायलासुद्धा जास्त वेळ लागतो! २०२३ ला आशियाई सुवर्ण आणि २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा नंबर. अकरावा म्हणून कोणी नाक मुरडू नये. त्याआधी भारताचा एकही पुरुष त्या फेरीत पोचला नव्हता.

मला मात्र जास्त सांगायचे आहे ते ललिता बाबर यांच्याबद्दल. त्या साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या, मोही गावच्या. तोही दुष्काळी भाग. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या सलग तीन वर्षे पहिल्या आल्या. नंतर स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावून दहाव्या आल्या. १९८४ साली पी. टी. उषा धावल्या, त्यानंतर ३२ वर्षांनी भारताची बाई ऑलिंपिकच्या धावण्याच्या अंतिम फेरीत दिसली. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची स्टीपलचेस १९०० पासून आहे, बायकांची मात्र २००८ पासून. एवढी वर्षे बायकांना काय उड्या मारता येत नव्हत्या?

माझे म्हणणे इथेच आहे. आम्ही मुली डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांध ओलांडतो, तेव्हा कोणी काही म्हणत नाही. तोच बांध खेळ म्हणून ओलांडला की "अगं, हातपाय मोडून घेशील, मग कोण बघणार?" असे ऐकावे लागते. सातवी झाली की बऱ्याच मुलींचा खेळ बंदच होतो. खेळून पोट भरते का, असे पालक विचारतात. साबळे सैन्यात आहेत, बाबर यांना सरकारी अधिकाऱ्याची नोकरी मिळाली. सगळ्यांना मिळेल असे मी म्हणत नाही. पण सहा किलोमीटर चालणाऱ्या मुलाला कोणी धावून पाहायला लावलेच नसते, तर तो एवढा धावतो हे त्याला तरी कसे कळले असते?

म्हणून येत्या २६ जानेवारीच्या खेळांत लिंबू-चमच्याबरोबर ही शर्यतही ठेवावी, मुलांची आणि मुलींचीही. मैदानाला चार फेऱ्या, दीड फुटावर सैल ठेवलेले बांबू, म्हणजे पाय लागला तरी खाली पडतील. पाण्याऐवजी ओल्या वाळूचा खड्डा चालेल. खर्च काही नाही. आमच्या बेटातले आठ बांबू तोडायला आजोबांनी हो म्हटले आहे. खड्डा खणायला मात्र पालकांपैकी दोघेतिघे कुदळ-फावडे घेऊन शनिवारी सकाळी शाळेत यायला हवेत.